घड्याळाच्या केसवर ‘ए. एल. डी.’: चौदा वर्षं आधीच गेलेल्या माणसाचा ठसा

काकांनी रुमालाची गाठ सोडली आणि घड्याळाच्या आधी विभूतीची पांढरी पूड टेबलावर सांडली. “दर दसऱ्याला घासतो आम्ही. आधी आजी घासायची, मग आई, आता मी,” ते कौतुकानं म्हणाले. खिशातलं घड्याळ, उघड्या डायलचं, मागं एकात एक अशी दोन झाकणं, कडी झिजून गुळगुळीत. आरशासारखं लखलखत होतं आणि माझ्या पोटात गोळा आला.

“आतूनसुद्धा घासता?”

“मग! आतूनच तर काळं पडतं.”

चांदीवरचे ठसे, म्हणजे हॉलमार्क, आतच असतात. विभूती म्हणजे बारीक पॉलिश पेपर. म्हणजे ज्या ओळी वाचायला काका माझ्याकडे आले होते, त्या ओळी त्यांच्या घरातल्या तीन पिढ्यांनी दर दसऱ्याला थोड्या थोड्या पुसल्या होत्या.

मी पुण्यात जुनी किल्लीची घड्याळं दुरुस्त करतो. लोक बहुतेक ‘चालू करून द्या’ म्हणून येतात. काकांना घड्याळ चालू करून नको होतं, त्यांना कागद हवा होता. पेठेतला वाडा पाडून इमारत व्हायची होती, तिघा भावंडांत सामान वाटलं जात होतं आणि या घड्याळावरून घरात तीन मतं पडली होती. धाकट्या भावाचं म्हणणं, मोडीत घाला आणि पैसे वाटून घ्या. काकांच्या पुतण्यानं इंटरनेटवर असंच एक घड्याळ विक्रीला पाहिलं होतं. ‘अमेरिकन घड्याळ उद्योगाच्या जनकानं स्वतः घडवलेलं’ असं लिहून त्याची अव्वाच्या सव्वा किंमत लावली होती. आणि खुद्द काकांना घरातली गोष्ट पक्की करून हवी होती: पणजोबा जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, रेल्वेत होते, १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली, त्या ज्युबिलीला त्यांच्या साहेबानं हे घड्याळ बक्षीस दिलं.

पुतण्यानं गृहपाठ चांगला केला होता, हे आधीच कबूल करतो. कागदावर त्यानं ठशांचा अर्थ लिहून दिला होता: जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी. ‘के’ हे अक्षर म्हणजे १८८४. ‘ए. एल. डी.’ म्हणजे ॲरन लफकिन डेनिसन, जाहिरातीतला तोच ‘जनक’. डेनिसन १८८४ मध्ये जिवंत, बर्मिंगहॅममध्येच राहणारा, केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच, बनवण्याचा धंदा करणारा. १८८४ ला केस झाली, बोटीनं मुंबईला आली, १८८७ ला साहेबानं दिली. सगळं कसं जिथल्या तिथं बसत होतं. इतकं नीट बसलेलं प्रकरण समोर आलं की मी आधी चहा मागवतो.

झाकणाच्या आत

पहिलं बाहेरचं झाकण नखानं उघडलं. दहापट भिंग डोळ्याला लावलं, टेबललॅम्प आडवा केला. समोरून प्रकाश पडला तर चकाकीत ठसा बुडून जातो. प्रकाश कडेनं, जवळजवळ झाकणाला समांतर आला की खोलगट भागात सावली बसते आणि अक्षर उठतं. तरीही ‘के’ धड दिसेना. उभी दांडी होती, वरचा हात होता, खालचा पाय निम्मा गेलेला. मग लहान मुलं काचेवर फुंकतात तसा झाकणावर श्वास सोडला. वाफ धरते आणि उडते, त्या दोन-तीन सेकंदांत झिजलेली कड वेगळी दिसते. पाच-सहा वेळा फुंकलं, फोटो काढले, तेव्हा कुठं अक्षराचा आकार हाती लागला.

एका ओळीत नाही, थोडे विखुरलेले, असे चार ठसे: सिंह, नांगर, वर्षाचं अक्षर आणि ए. एल. डी. खाली सहा आकडी क्रमांक. आतल्या झाकणावर तेच चार ठसे आणि तोच क्रमांक. कडीवर आणि कडीच्या मानेवर जागा कमी म्हणून मोजकेच ठसे, तेही झिजलेले.

हे चार ठसे काय म्हणतात ते नीट सांगायला हवं, कारण सगळी गफलत तिथंच होते. इंग्लंडमध्ये १३०० साली कायद्यानं चांदीचा कस ठरला आणि तो तपासल्याची खूण म्हणून बिबट्याचं तोंड आलं. १३६३ मध्ये प्रत्येक कारागिरानं आपली खूण मारावी असं फर्मान निघालं. १४७८ पासून लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये वर्षाचं अक्षर मारायला लागले (हॉलमार्क हा शब्द त्या हॉलवरूनच आला), आणि १५४४ मध्ये चालणारा सिंह आला. बर्मिंगहॅमला स्वतःचं तपासणी कार्यालय १७७३ मध्ये मिळालं, त्याची खूण नांगर. समुद्रापासून दूर, देशाच्या पोटात असलेल्या गावाला नांगर कसा, हे मला आजही गमतीचं वाटतं.

यातलं एकही चिन्ह ‘हे अमुक माणसानं बनवलं’ असं सांगण्यासाठी जन्मलं नाही. चांदीत खोट निघाली तर मान कुणाची धरायची, एवढ्यासाठी हे सगळं. वर्षाचं अक्षर संग्राहकांच्या सोयीसाठी नाही, त्या वर्षी तपासणीला कोण बसलं होतं ते कळावं म्हणून. आणि कारागिराची म्हणून ओळखली जाणारी खूण ही ज्याच्या नावानं तपासणी कार्यालयात नोंद आहे, जो माल घेऊन येतो आणि जबाबदारी घेतो, त्याची. तो स्वतः हातोडी चालवत असेलच असं नाही. आपल्याकडे सोन्याच्या हॉलमार्कवर पूर्वी सराफाची खूण असायची, तिचा अर्थ सराफानं ती पाटली स्वतः घडवली असा कुणीच घेत नसे. २०२१ मध्ये एचयूआयडी, म्हणजे दर दागिन्याचा वेगळा क्रमांक, आल्यावर ती खूणही गेली.

याची उत्तम उदाहरणं खिशातल्या घड्याळांतच सापडतात. विलायतेत गेलेल्या स्विस चांदीच्या केसांवर जिथं तिथं ‘जी. एस.’ दिसतं. हा जॉर्ज स्टॉकवेल. त्याची कंपनी माल आणण्या-नेण्याचं काम करायची, घड्याळाचा एक दातही तिनं कापलेला नाही. ‘ए. बी.’ म्हणजे आल्फ्रेड बेडफर्ड, वॉल्थम या अमेरिकन कंपनीच्या लंडन कचेरीचा व्यवस्थापक. ‘डब्ल्यू अँड डी’ म्हणजे विल्सडॉर्फ आणि डेव्हिस, पुढं ज्यांची रोलेक्स झाली. ही अक्षरं वाचून ‘कारागीर सापडला’ म्हणणं म्हणजे पार्सलवरचा कुरिअरचा शिक्का वाचून आत काय आहे ते ओळखण्यासारखं.

पण ए. एल. डी. तसा नव्हता. डेनिसनचा केसांचा कारखानाच होता. म्हणून इथं घोटाळा जास्त नाजूक झाला.

माझी चूक

आता स्वतःचंही सांगतो. पुतण्याचा कागद वाचून मी पहिल्याच दिवशी काकांना म्हणालो, “हे १८८४ चं नाही. तेव्हाच्या चांदीवर राणीचं डोकं असतं. इथं नाही. म्हणजे १८९० नंतरचं.”

इंग्लंडमध्ये १७८४ ते १८९० या काळात चांदीवर कर होता, आणि कर भरल्याची खूण म्हणून राजाचं किंवा राणीचं डोकं ठशांच्या शेजारी मारलं जाई. तेवढं बरोबर. काका हिरमुसले, पुतण्या गप्प झाला, मी खूश. रात्री जेवताना आठवलं की घड्याळाच्या केसांना हा कर १७९८ मध्येच माफ झाला होता. म्हणजे १८८४ च्या केसवरही राणीचं डोकं नसतंच. चमच्यावर, तबकावर, चहादाणीवर असतं, घड्याळाच्या केसवर नाही. माझा निष्कर्ष पुढं बरोबर निघाला, पण पुरावा खोटा होता. सकाळी फोन करून मी तो मागं घेतला. पुतण्याचा आवाज एकदम टवटवीत झाला. “म्हणजे १८८४ अजून शक्य आहे?”

“शक्य आहे,” म्हणालो. म्हणावं लागलं.

एक ‘के’ की दोन

बर्मिंगहॅमची वर्षाची अक्षरं दर जुलैच्या सुमारास बदलत. इंग्रजीतलं ‘जे’ गाळून पंचवीस अक्षरांचं एक चक्र. १८७५ ला ‘ए’ नं सुरू झालेलं चक्र १८९९ ला ‘झेड’ वर संपलं, १९०० ला पुन्हा ‘ए’. या हिशेबानं पहिल्या चक्रातला ‘के’ १८८४, दुसऱ्यातला १९०९. दोन्ही चक्रांत अक्षरं लहान लिपीतलीच. फरक वळणाचा: पहिल्या चक्रात जुनं गॉथिक वळण, जाड-बारीक, टोकाला काटे. दुसऱ्यात साधं छापील वळण, सरळ दांडी, तळाला आडवी रेघ. पुतण्यानं जो तक्ता पाहिला त्यात चक्राचं वळण बघा असं लिहिलेलं असणारच, पण घरातली गोष्ट १८८७ ची असल्यावर नजर १८८४ वरच थांबते. मी त्याच्या जागी असतो तर माझीही थांबली असती.

गॉथिक ‘के’ चा वरचा हात वळून दांडीला मिटतो, जवळजवळ फासासारखा. छापील ‘के’ चे दोन्ही हात उघडे. काकांच्या केसवर खालचा पाय गेला होता, पण वरचा हात उघडा होता आणि दांडीच्या पायाला आडवी रेघ बाहेरच्या झाकणावर अस्पष्ट, आतल्या झाकणावर स्वच्छ होती. आतलं झाकण रोज उघडत नाही, त्याच्या आतल्या बाजूला विभूती पोचली नव्हती. एखादं अक्षर झिजलेलं असेल तर केसच्या दुसऱ्या भागावर तेच अक्षर शोधायचं, ही सवय मला तेव्हापासून लागली. आधीच लागायला हवी होती.

१९०९ चा जुलै ते १९१० चा जून. या मुदतीत ही चांदी बर्मिंगहॅमच्या टेबलावर तपासली गेली.

अजून एक फाटा बंद करायचा होता. सिंह, नांगर आणि एक अक्षर एवढंच बघून बर्मिंगहॅम म्हणू नये. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सची गोरहॅम कंपनी आपल्या चांदीवर सिंह, नांगर आणि ‘जी’ मारायची. तो तपासणीचा ठसा नाही, कंपनीचा छाप आहे, आणि त्यात नोंदवलेल्या माणसाची वेगळी अक्षरं नसतात. इथं ती होती. शिवाय १९०७ पासून परदेशात घडलेल्या केसांवर बर्मिंगहॅमला सिंह-नांगर मिळेना, त्रिकोण आणि कसाचा आकडा मिळे. १९०९ च्या केसवर सिंह-नांगर आहेत याचा अर्थ केस इंग्लंडमध्येच घडली.

धाकट्या भावाच्या समाधानासाठी सराफाकडेही गेलो. कसोटीवर ओढायला मी नको म्हणालो, मशिनवर टंच काढला, ९२ च्या वर आला. स्टर्लिंग म्हणजे साडेब्याण्णव टंच. सराफानं वजन केलं, मोडीचा भाव सांगितला आणि घड्याळ परत देताना म्हणाला, “अशी अस्वलं असलेली खूप येतात, ही सिंहवाली कमी.” अस्वलं म्हणजे स्विस. १८८७ च्या इंग्रजी कायद्यानंतर विलायतेच्या बाजारासाठी स्विस लोकांनी ०.९३५ कसाच्या चांदीवर तीन अस्वलांचा ठसा मारायला सुरुवात केली, तो १९०७ पर्यंत चालला. हलक्या ०.८०० च्या चांदीवर रानकोंबडा. आपल्याकडच्या जुन्या घरांत निघणारी बरीच चांदीची घड्याळं याच कुळातली. सराफाला देशाचं नाव ठाऊक नव्हतं, पण जनावरं पाठ होती.

मशीन काय म्हणतं

इथपर्यंत मी घड्याळाच्या मशीनकडे, म्हणजे केसच्या आतल्या यंत्राकडे, मुद्दाम पाहिलं नव्हतं. आता आतलं झाकण पुन्हा उघडलं तर आत वॉल्थम, ‘ट्रॅव्हलर’ नावाचं, सात खड्यांचं (चाकांची टोकं ज्यांत फिरतात ते कठीण खडे) साधं आणि टिकाऊ मशीन. क्रमांक १ कोटी ७० लाखांच्या पुढचा. वॉल्थमच्या क्रमांकांच्या याद्या उपलब्ध आहेत, त्यांत हा आकडा १९०८-०९ च्या आसपास बसतो.

“मग झालंच की!” पुतण्या म्हणाला. आता तो माझ्या बाजूला आला होता.

नाही झालं. अमेरिकन मशीन ठरावीक मापांत होत असे. हे १६ साइजचं, म्हणजे तळाच्या तबकडीचा व्यास ४३.१८ मि.मी. किल्लीची दांडी केसच्या मानेत बसलेली, मशीन वेगळं निघतं. त्यामुळे १६ साइजचं कुठलंही मशीन १६ साइजच्या बहुतेक केसांत जातं, आणि अमेरिकेत तर दुकानात केस वेगळी आणि मशीन वेगळं निवडून घ्यायची पद्धत होती. १८८४ च्या केसमध्ये १९०९ चं मशीन कुणीही टाकू शकतो. म्हणून मशीनच्या क्रमांकावरून केसचं वय सांगायचं नाही.

पण केसला स्वतःची आठवण असते. मशीन केसमध्ये दोन स्क्रूंनी धरलेलं असतं, स्क्रूचं अर्धं डोकं केसच्या आतल्या कडेवर दाबून बसतं. वर्षानुवर्षं ते तिथं चंद्रकोरीएवढी खूण पाडतं. मशीन बदललं की नवे स्क्रू बहुधा जरा वेगळ्या जागी येतात आणि कोरींची दुसरी जोडी उमटते. मी मशीन काढलं, कड पुसली, भिंगाखाली फिरवली. कोरी दोनच, खोल, आणि याच मशीनच्या स्क्रूंच्या बरोबर खाली. हे मशीन आणि ही केस पहिल्यापासूनची जोडी. तेव्हा कुठं मी वॉल्थमचा क्रमांक पुराव्यात धरला.

आणि डेनिसन

आता खरी अडचण. डेनिसन ९ जानेवारी १८९५ ला बर्मिंगहॅममध्ये वारला. मग १९०९ च्या केसवर त्याची अक्षरं कशी? पुतण्याला वाटलं, सगळंच मोडलं, ठसा बनावट.

ए. एल. डी. ही नोंद माणसाच्या नावाची असली तरी ती चालवत होता कारखाना. १८७४ च्या सुमारास डेनिसननं बर्मिंगहॅममध्ये घड्याळाच्या केसांचं काम सुरू केलं. १८७९ मध्ये आल्फ्रेड विगली भागीदार झाला. डेनिसन गेल्यावर मुलगा फ्रँकलिननं धंदा पुढं नेला, १९०५ पासून त्याचं नाव डेनिसन वॉच केस कंपनी. कारखाना १९६७ मध्ये बंद पडला. ठसा बापाचाच राहिला. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर आजोबांचं नाव आणि गल्ल्यावर नातू, तसंच. १८९५ नंतरच्या केसवर ए. एल. डी. असणं यात बनावट काही नाही. फक्त ‘स्वतः घडवलेलं’ हे शब्द खोडायचे.

पण डेनिसनची गोष्ट ठशापेक्षा मोठी आहे, आणि ती सांगताना काकांचा चहा गार झाला.

हा मूळचा अमेरिकेतल्या मेन राज्यातला, जन्म १८१२, बाप चांभारकाम करणारा. घड्याळं दुरुस्त करता करता त्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं. स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्र कारखान्यात बंदुकीचे सुटे भाग यंत्रावर इतके सारखे बनत की एका बंदुकीचा भाग दुसरीत बसे. घड्याळाचं तसं का नाही? तेव्हा घड्याळ म्हणजे प्रत्येक चाक त्या एका घड्याळापुरतं घासून बसवलेलं. १८५० च्या सुमारास एडवर्ड हॉवर्ड आणि डेव्हिड डेव्हिस यांच्याबरोबर त्यानं बोस्टनजवळ रॉक्सबरीत कारखाना काढला, १८५४ मध्ये तो वॉल्थमला नेला. १८५७ मध्ये दिवाळं निघालं आणि कारखाना रॉयल रॉबिन्सनं विकत घेतला. डेनिसन तिथंच देखरेखीला राहिला, पण पुढच्या काही वर्षांत त्याला तिथून जावं लागलं. नवा उद्योग करून पाहिला, स्वित्झर्लंडला जाऊन आला, शेवटी इंग्लंडमध्ये स्थिरावला आणि मशीन सोडून केस करायला लागला.

आणि त्याच वॉल्थमनं विलायतेतल्या बाजारासाठी केसा कुणाकडून घेतल्या? डेनिसनच्या कारखान्याकडून. ज्या कारखान्यानं त्याला बाहेर काढलं, त्याचं मशीन आणि त्याच्या नावाची केस, दोन्ही काकांच्या रुमालात एकत्र. काकांना यात फार रस वाटला नाही. “म्हणजे साहेबानं दिलेलं नाही?” त्यांचा प्रश्न तिथंच होता.

काचेची रिंग

तपासणी संपली असं वाटत असताना एक गोष्ट खटकली. काच ज्या रिंगमध्ये बसते तिच्या, म्हणजे बेझलच्या, आतल्या कडेला क्रमांक असतो, तो झाकणांवरच्या क्रमांकाशी जुळायला हवा. इथं जुळेना. ए. एल. डी. तेच, आकडे वेगळे, वर्षाचं अक्षर नाही. भिंगाशिवाय पाहिलं तर रंगही एकाच चांदीचा, फट कुठंच नाही, दाबली की टिक् करून बसते.

केव्हातरी मूळ रिंग हरवली किंवा चेपली, आणि कुणा घड्याळजीनं दुसऱ्या मोडक्या डेनिसन केसची रिंग बसवली. ती घासावी लागली नाही, वाकवावी लागली नाही. डेनिसनच्या त्या खुळाचा एवढा साधा पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही: एका केसचा भाग दुसरीत गेला आणि घरातल्या तीन पिढ्यांच्या लक्षातही आलं नाही.

तो घड्याळजी कोण, याचा माग बाहेरच्या झाकणात होता. जुने दुरुस्तीवाले काम झालं की झाकणाच्या आत सुईच्या टोकानं बारीक तारीख किंवा खूण ओरखडून ठेवत, म्हणजे गिऱ्हाईक परत आलं तर आपण केव्हा हात लावला ते कळावं. इथं तीन ओरखडे होते. दोन इंग्रजी आकड्यांत, विभूतीनं जवळजवळ गेलेले. तिसरा काठाशी, वळणदार मराठी आकड्यांत: ३-११-४२, आणि पुढं एक ‘र’. आकडे काढणाऱ्याचा हात चांगला होता. तीनचं पोट गोल, चारची गाठ सुटलेली नाही. बर्मिंगहॅमचे चारही ठसे साच्याचे, हा एकच हातानं लिहिलेला.

काकांनी साताऱ्याला थोरल्या बहिणीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. १९०९ ऐकल्यावर म्हणाल्या, “अरे, पणजोबा तर प्लेगात गेले. सत्त्याण्णव साली. आजी सांगायची, तेव्हा आजोबा दहा वर्षांचे होते.”

खोलीत कुणी काही बोललं नाही. इतकी वर्षं ज्युबिलीची गोष्ट सांगताना हे वर्ष कुणी शेजारी ठेवून पाहिलंच नव्हतं. आजोबाही पुढं रेल्वेतच लागले होते. १९०९-१० मध्ये ते बावीस-तेवीस वर्षांचे. नव्या नोकरीच्या पगारातून घेतलं असेल, लग्नात मिळालं असेल, नंतर केव्हा सेकंडहँड आलं असेल. केसवर यातलं काहीच लिहिलेलं नाही.

“मग ज्युबिलीचं घड्याळ दुसरंच होतं,” ताई म्हणाल्या. “ते कुठं गेलं?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या रिंगकडे. “ही रिंग! ही त्याची असेल.”

मी नाही म्हणालो. रिंगवर वर्ष नाही, दुसऱ्या केसचा एकही तुकडा आपल्यासमोर नाही, आणि ३-११-४२ ला रिंग बदलली की नुसतं तेल घातलं हेही ओरखड्यावरून ठरत नाही. काकांनी मान डोलावली, पण रिंग हातातून खाली ठेवली नाही.

कागद मी दुसऱ्या दिवशी दिला. त्यात एवढंच होतं:

“चांदीची केस, स्टर्लिंग, बर्मिंगहॅम तपासणी, वर्षअक्षर ‘के’, जुलै १९०९ ते जून १९१०. नोंदवलेली खूण ए. एल. डी., म्हणजे डेनिसन वॉच केस कंपनी. ॲरन डेनिसन यांनी स्वतः घडवलेली नाही. मशीन वॉल्थम ट्रॅव्हलर, १६ साइज, सात खडे, केसबरोबरचं मूळ. बेझल दुसऱ्या डेनिसन केसचं. आत दुरुस्तीचे तीन ओरखडे, पैकी एक ३-११-४२. पुढं घासू नये.”

दुर्मीळ वस्तू नाही, तेही तोंडी सांगितलं. सात खड्यांची वॉल्थम आणि चांदीची डेनिसन केस ही जोडी विलायतेत भरपूर विकली गेली. पुतण्यानं ती जाहिरात पुन्हा उघडून विक्रेत्याला काहीतरी टाइप केलं. धाकट्या भावानं मोडीचा विषय काढला नाही, कारण तो आलाच नव्हता.

काकांनी कागद दोनदा वाचला. मग माझंच पेन उचलून ‘बेझल दुसऱ्या डेनिसन केसचं’ या ओळीपुढं कंसात लिहिलं: ‘बहुधा ज्युबिलीचं’.

मी म्हणालो, “काका, हे माझ्या सहीच्या वर आलंय.”

त्यांनी कागद फिरवून घेतला आणि कंसाच्या शेजारी, अगदी बारीक अक्षरांत, स्वतःची सही केली.